कूककृत मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ : एक साधनचिकित्सा

(१)

इतिहासाचें साधन म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें मोडी रुमाल, ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि बखरी उभ्या राहतात. ह्या मालिकेंत वाळलेल्या झाडपाल्याची गणना सहसा कोणी करीत नाहीं. परंतु वनस्पतिसंग्रहांत जाड कागदाच्या तावावर बसविलेली एक डहाळी आणि तावाच्या कोपऱ्यांत चार ओळींची एक चिठ्ठी, असे जे हजारों जोड जपून ठेवलेले असतात, त्यांतील ती चिठ्ठी विचारांतीं एक अस्सल पत्रच ठरते. कोणी, कोठें, केव्हां आणि काय पाहिलें हें तींत नमूद असतें; इतकेंच नव्हे, तर ज्या वस्तूविषयीं पत्र लिहिलें ती वस्तु पत्रालाच जोडलेली असते. एवढें भाग्य आपल्या कोणत्याही बखरीस लाभलेलें नाहीं.

ह्या पत्रांवर उभारलेला आणि आजही प्रमाण मानला जाणारा आपल्या प्रांताचा ग्रंथ म्हणजे थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ होय. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें त्याचें मूल्य केव्हांच ठरून गेलें आहे, व त्यांत हात घालण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस पाहावयाचें तें निराळें आहे. कूक यांनीं आपल्या साधनांशीं कसें वर्तन केलें, त्यांतील काय राखलें, काय गाळलें, आणि जें गाळलें त्यावांचून आपलें काय अडतें, एवढाच प्रश्न आम्ही हातीं घेतला आहे. सबंध ग्रंथ एका लेखांत तपासणें शक्य नाहीं. म्हणून त्याच्या आरंभींच येणारें मोरवेलीचें कूळ आम्हीं परीक्षणासाठीं निवडलें आहे.

(२)

कूक (१८३६–१९१०) हे पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्राचार्य होते. त्यांचा मूळ व्यवसाय स्थापत्याचा. वनस्पतींचा नाद त्यांस मागाहून लागला. १८९० सालीं भारतीय वनस्पति-सर्वेक्षण खात्याची स्थापना झाली, तेव्हां पश्चिम हिंदुस्थानचें काम ह्याच कॉलेजाच्या प्राचार्यांकडे सोंपविण्यांत आलें. निवृत्तीनंतर कूक यांनीं विलायतेंत क्यू येथील संग्रहांत बसून ग्रंथरचना केली. पुण्याचे ताव आणि क्यूचे ताव असे दोन्ही त्यांच्यापुढें होते. ग्रंथ लंडन येथें १९०१ ते १९०८ ह्या अवधींत भागाभागानें छापला गेला. १९५८ सालीं वनस्पति-सर्वेक्षण खात्यानें तो तीन खंडांत पुन्हा छापला; परंतु तें पुनर्मुद्रण होतें, चिकित्सक आवृत्ति नव्हे. महाभारताची चिकित्सक आवृत्ति ज्या नगरींत १९१९ पासून १९६६ पर्यंत पाठभेद मोजून सिद्ध झाली, त्या नगरींतील वाचकास ह्या दोहोंतील अंतर समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

कूक यांच्यापूर्वी ह्या वाटेनें जाणारे कोणी नव्हते असें नाहीं. जॉन ग्रॅहम यांची मुंबईच्या आसपासच्या वनस्पतींची यादी १८३९ सालीं निघाली. डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबईच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ सालचा आहे. सायन्स कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे व गणेशखिंडीच्या बागेची देखरेख करणारे वुड्रो यांनीं पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींची यादी १८९७ पासून मुंबईच्या निसर्गेतिहास-मंडळाच्या नियतकालिकांत क्रमशः प्रसिद्ध केली. कूक यांनीं हें सर्व एकत्र घेतलें, नमुन्यांशीं ताडून पाहिलें, आणि सिंध, गुजराथ, कोंकण, दख्खन, दक्षिण मराठा देश व उत्तर कानडा अशा विभागांनीं प्रत्येक जातीचें स्थान मांडलें. ही विभागणी वाचतांच ती केवळ निसर्गाची नसून राज्यकारभाराचीही आहे हें इतिहासाच्या अभ्यासकाच्या ध्यानांत येईल.

(३)

आतां मूळ साधनाकडे वळूं. यूरोपीय भाषांत ज्यास हर्बेरियम म्हणतात त्या शुष्कवनस्पतिसंग्रहाची चाल सोळाव्या शतकांत इटलींत लुका गिनी नांवाच्या अध्यापकानें पाडली असें मानतात. फुलाफळांसह डहाळी खुडावी, टिपकागदांच्या घड्यांत दाबून वाळवावी, कसर लागूं नये म्हणून तिला पाऱ्याचें विषारी लवण लावावें, तावावर टांके घालून किंवा चिकटवून बसवावी, आणि चिठ्ठी जोडावी, अशी ती रीत आहे. ह्या रीतीचा एक शिष्टाचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. पुढील काळीं एखाद्या विद्वानास वनस्पतीचें नांव चुकलें आहे असें वाटल्यास तो जुनी चिठ्ठी फाडीत नाहीं. आपला निर्णय सही व तारखेसह दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून शेजारीं लावतो. त्यामुळें एकाच तावावर तीन-चार पिढ्यांचीं मतें एकाखालीं एक वाचावयास मिळतात. आपल्या पोथ्यांवर हरताळ फांसून अक्षरें झांकणाऱ्या लेखकांहून ही रीत अधिक प्रामाणिक आहे.

ही खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ह्याच कुळांतील एका नांवानें देतां येतें. ह्या कुळाची यूरोपांत प्रसिद्ध असलेली फुलें म्हणजे अ‍ॅनिमोनीचीं. ग्रीक भाषेंत वाऱ्यास जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें. ओहोळांच्या कांठीं उगवणारी तिची एक पांढऱ्या फुलांची रानटी जाति हिमालयांत व निलगिरींत होते. ब्यूकॅनन हे १८०२–०३ सालीं नेपाळांत असतां त्यांनीं ती जमविली, आणि त्यांनीं योजलेलें नांव द कांदोल यांनीं पुढें १८१७ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या सह्याद्रींत अ‍ॅनिमोनीची जागा तिची जवळची नातलग मोरवेल भरून काढते. दोघींच्याही फुलांस खऱ्या पाकळ्या नसतात, बाहेरचीं दलेंच पाकळ्यांचें काम करतात. मोरवेलीच्या फळांस पिसासारखीं शेपटें फुटतात, तशीं अ‍ॅनिमोनीच्या कांहीं जवळच्या जातींसही फुटतात. मोरवेलीचें शास्त्रीय नांव १८२१ सालचें आहे. तें देणारा रोट हा जर्मन वैद्य आपल्या गांवींच राही. दक्षिण हिंदुस्थानांत हिंडणाऱ्या हाइने यांनीं जमविलेल्या वाळक्या नमुन्यांवरून त्यानें तिचें वर्णन केलें, आणि तिच्या त्रिखंडी पानावरून तिला विशेषण दिलें.

महाराष्ट्रांतील वैद्य ह्याच मोरवेलीस मूर्वा मानून वापरीत आले आहेत. बंगालच्या वैद्यांची मूर्वा म्हणजे घायपातीसारख्या लांब, जाड पानांची सान्सेव्हिएरा. कित्येक विद्वानांच्या मतें खरी मूर्वा म्हणजे रुईच्या कुळांतील मार्सडेनिया ही वेल. आणि मलबारांत आणखी तिसरीच वेल मूर्वा म्हणून चालते. मनुस्मृतींत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या तंतूंची, म्हणजे प्रत्यंचेची, सांगितली आहे. तेव्हां मूर्वेचा तंतु धनुष्याचा ताण सोसणारा असला पाहिजे. राजमहालच्या डोंगरी लोकांच्या धनुष्याच्या दोऱ्या मार्सडेनियाच्या तंतूंच्या असत, ही गोष्ट ह्या दृष्टीनें ध्यानांत घेण्यासारखी आहे. अमरकोशांत मूर्वेच्या पर्यायांत पीलुपर्णी हें नांव येतें. पीलूचें पान साधें, अखंड असतें. मोरवेलीचें पान त्रिखंडी. तेव्हां हें विशेषण मोरवेलीस लागूं पडत नाहीं. त्याच पर्यायांत मोरटा हें नांव आहे; मोरटा आणि मोरवेल ह्यांतील ध्वनिसाम्यावरूनच आपल्याकडे ही ओळख रूढ झाली असावी, असा आमचा तर्क आहे.

निघंटुकारांनीं नांवें राखलीं, परंतु रूपें राखण्याचा उपाय त्यांच्यापाशीं नव्हता. श्लोक टिकला आणि वेल हातांतून निसटली. अमरसिंहाच्या काळची एक वाळकी डहाळी ‘मूर्वा’ अशा चिठ्ठीसह आपल्या हातीं असती, तर हा वाद एका दिवसांत मिटता. नांव आणि रूप ह्यांची गांठ बांधून ठेवणें हेंच त्या तावाचें कार्य होय, आणि ती गांठ कोणी, कोठें व केव्हां बांधली हें सांगणें हें चिठ्ठीचें कार्य होय.

(४)

ह्या कसोटीवर कूक यांचा ग्रंथ लावून पाहतां त्याचे दोन मोठे गुण प्रथम सांगितले पाहिजेत.

पहिला गुण प्रत्यक्ष आणि ऐकीव ह्यांतील विवेक. स्थळाचें व संग्राहकाचें नांव दिल्यावर, तो नमुना स्वतः पाहिला असल्यास कूक त्यापुढें उद्गारचिन्ह घालतात. केवळ पूर्वग्रंथावरून घेतलें असल्यास घालीत नाहींत. ही खूण वनस्पतिशास्त्रांत रूढच आहे. परंतु ती दोन खंडांच्या विस्तारांत सातत्यानें पाळणें ही सोपी गोष्ट नव्हे. ‘अस्सल पाहिली’ आणि ‘नकल ऐकली’ हा भेद प्रत्येक ओळींत दाखविणारे ऐतिहासिक ग्रंथ आपल्या भाषेंत किती आहेत, ह्याचा वाचकांनींच विचार करावा.

दुसरा गुण औदार्याचा. कूक यांच्या पानांवर स्टॉक्स, लॉ, डाल्झेल, वुड्रो ह्या साहेबांच्या नांवांबरोबर कानिटकर आणि भिवा हीं नांवें वारंवार येतात, आणि त्यांच्यापुढेंही तेंच उद्गारचिन्ह असतें. नांवाच्या मांडणींत साहेब व नेटिव असा भेद कूक करीत नाहींत. ज्यानें आणलें त्याचें नांव, असा त्यांचा सरळ नियम दिसतो. त्या काळाच्या मानानें ही वृत्ति प्रशंसनीयच म्हटली पाहिजे.

(५)

परंतु ह्याच दोन गुणांच्या पोटीं ग्रंथाचे दोष लपलेले आहेत, आणि आमचा मुख्य आक्षेप त्यांवर आहे.

पहिला आक्षेप कालाचा. कूक फुलण्याचे महिने सांगतात. परंतु अमुक नमुना अमुक सालीं सांपडला हें सांगत नाहींत. चिठ्ठीवरची तारीख ग्रंथांत येतां येतां गळते. वनस्पतीच्या ओळखीस तारखेची गरज नाहीं हें खरें. पण वनस्पतीच्या इतिहासास तारखेवांचून दुसरा आधार कोणता? एखादी जाति अमुक टेकडीवर १८६० च्या सुमारास होती कीं १९०० च्या सुमारास, हें ग्रंथावरून कळत नाहीं. स्टॉक्स १८५४ सालींच वारले. भिवानें आणलेले नमुने त्याच्या कित्येक वर्षें पुढचे. ग्रंथाच्या एका ओळींत हे दोघे शेजारीं बसतात आणि मधला काळ नाहींसा होतो. शककर्त्याचें नांव राखून शक पुसावा, तशी ही स्थिति आहे.

दुसरा आक्षेप स्थलाचा. गिब्सन हे १८३८ पासून दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक होते, आणि जुन्नरकडे हिवरें येथेंही त्यांची बाग होती. जुन्या लेखनांत दापोडीचें रूप ‘दापुरी’ असें येतें. पुण्याशेजारची दापोडी आणि कोंकणांतील दापोली ह्यांत ज्यास फरक ठाऊक नाहीं, तो ही ‘दापुरी’ सहज घाटाखालीं नेऊन ठेवील, आणि दख्खनच्या रुक्ष माळावरची वनस्पति समुद्राकांठीं उगवेल. हिवरें जुन्नरांत आहे, तसें पुरंदर तालुक्यांतही आहे. ‘वारी’ हा डाल्झेल यांच्या काळचा शब्द पंढरीच्या वारीचा नव्हे, वाडीचा, म्हणजे सावंतवाडी संस्थानचा आहे. कूक यांस पुण्याचा अनेक वर्षांचा परिचय असल्यामुळें त्यांच्या मनांत घोटाळा नसेल. परंतु ग्रंथांत त्यांनीं ह्या नांवांचा निर्णय दिलेला नाहीं. लेखकाच्या मनांतलें ज्ञान लेखकाबरोबर जातें. उरतें तें छापील रोमी अक्षर.

तिसरा आक्षेप नांवाचा, आणि ह्यासाठीं ह्याच कुळांतील निळवंतीचें उदाहरण पुरेसें आहे. पावसाळा सरतांना सह्याद्रीच्या माथ्यांवर व उतारांवर गवतांतून वर डोकें काढणारीं, मागें शिंगासारखा फाटा असलेलीं हीं निळीं फुलें गडांवर हिंडणाऱ्यांनीं पाहिलेलीं असतील. कोठें कोठें तिला निसुर्डी असेंही म्हणतात. कूक यांनीं ह्या वनस्पतीस जें नांव दिलें आहे, तें मूळ फ्रेझेनियस यानें अ‍ॅबिसिनियांतील, म्हणजे इथिओपियांतील, एका वनस्पतीस दिलेलें होतें. हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील हूकर यांच्या महाग्रंथाच्या पहिल्या खंडांतही हीच ओळख होती, आणि कूक यांनीं ती पुढें चालविली. वास्तविक १८९५ सालींच जर्मनींत हुट यानें ह्या कुळाच्या निळ्या फुलांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून आपल्याकडील वनस्पति आफ्रिकेंतील वनस्पतीहून वेगळा प्रकार म्हणून दाखविली होती. कूक यांचा पहिला भाग त्यानंतर सहा वर्षांनीं निघाला. तरी ह्या भेदास त्यांत स्थान मिळालें नाहीं. पुढें अमेरिकेंतील मंझ यांनीं १९६७ सालीं तोच प्रकार स्वतंत्र जाति म्हणून मान्य केला. अशा रीतीनें आपल्याच डोंगरावरची वनस्पति सुमारें शंभर वर्षें परक्या देशाच्या नांवानें वावरली. तिला स्वतःचें नांव मिळालें तें कोणा नव्या प्रवासानें नव्हे, तर जुने वाळके ताव पुन्हा एकदा शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यानें. तावांचें महत्त्व सांगण्यास ह्याहून उत्तम दाखला मिळणें कठीण.

परंतु कथा येथें संपत नाहीं. हुट यानें तिला विशेषण दिलें तें ‘मलबारिकम’. निळवंतीचें खरें माहेर महाराष्ट्रांतील घाटमाथा व लगतचे डोंगर. मग हें मलबार कोठून आलें? त्या काळच्या यूरोपीय लेखनांत मलबार हा शब्द केवळ केरळाचा वाचक नसून कित्येकदां साऱ्या पश्चिम किनाऱ्यास लावीत. हूकर व थॉमसन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हिंदुस्थानच्या वनस्पतींचे जे संच क्यूहून यूरोपभर वांटले, त्यांत आपल्याकडील नमुन्यांस छापील चिठ्ठ्या जोडलेल्या आहेत. त्यांवर स्थळ म्हणून मलबार, कोंकण, इत्यादि, आणि संग्राहक म्हणून स्टॉक्स, लॉ, इत्यादि, एवढाच मजकूर असतो. पुष्कळांचे संग्रह एकत्र मिसळून त्यांस एकच ठसा मारलेला! अशा ताव-चिठ्ठ्यांवर ज्यांचा अभ्यास पोसला, त्यांना रत्नागिरी आणि मलबार ह्यांत अंतर दिसूं नये, ह्यांत नवल नाहीं.

ह्या दोन ‘इत्यादीं’पुढें इतिहाससंशोधकानें थांबलें पाहिजे. पहिल्या इत्यादींत आपला सारा सह्याद्रि बुडाला आहे. दुसऱ्या इत्यादींत कोण कोण बुडालें असेल? डोंगर चढून, फूल ओळखून, डहाळी खुडून आणणारा माणूस प्रत्येक वेळीं साहेबच होता, असें मानण्यास मन घेत नाहीं.

येथून चौथा आक्षेप निघतो, तो कर्त्याचा. कूक यांनीं भिवाचें नांव छापलें ही त्यांची थोरवी. परंतु हा भिवा कोण, हें ग्रंथ सांगत नाहीं. आडनांव नाहीं, गांव नाहीं, हुद्दा नाहीं. कानिटकरांस आडनांव आहे, तर स्वतःचें नांव नाहीं. आणि कानिटकर हें आडनांव पुण्यांत थोडें नाहीं. वुड्रो यांचें नांव कित्येक वनस्पतींच्या शास्त्रीय नांवांत कायमचें जडलें आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील रा. कृ. भिडे यांनीं गवतांचा जो अभ्यास केला, त्याचें स्मरण म्हणून १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गवताच्या वंशास ‘भिडिया’ हें नांव मिळालें, ही आम्हां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. भिवाच्या वांट्यास मात्र एक शब्द आणि एक उद्गारचिन्ह एवढेंच आलें. शिवाय, ज्या चिठ्ठीवर वरिष्ठाचें नांव आहे तो नमुना वरिष्ठानेंच खुडला असेल असें नाहीं. दप्तरांतील पत्र कारकुनाच्या हातचें आणि शिक्का धन्याचा, हें आपण रोज पाहतों. तोच संशय येथेंही घेण्यास जागा आहे, आणि त्याचें निराकरण हस्ताक्षरें ताडूनच होईल.

(६)

ह्यावर असें म्हणतां येईल कीं, हे आक्षेप ग्रंथकारावर अन्याय करणारे आहेत. वनस्पतिग्रंथ म्हणजे दप्तर नव्हे. हजारों जातींचें वर्णन करावयाचें तर तारखा, हस्ताक्षरें व संग्राहकांचीं चरित्रें देऊन ग्रंथ किती फुगवावा? हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. कूक यांनीं केलें तें त्यांच्या कार्यास पुरेसें होतें. आमचा आक्षेप कूक यांच्या लेखणीवर नसून आपल्या वाचनावर आहे. त्यांच्यानंतर शंभर वर्षें आपण त्यांचा ग्रंथच मूळ साधन म्हणून वापरीत आलों, आणि ज्या साधनांवरून तो निघाला तीं मात्र छापून काढलीं नाहींत. बखर वाचून पत्रव्यवहार बांधून ठेवावा, तसें हें झालें. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो ह्याच वृत्तीविरुद्ध.

नांव राखण्याचा आमचा आग्रह पाश्चात्त्य विद्येस नवा आहे असेंही नाहीं. कोचीनच्या डच गव्हर्नरानें, व्हान रीडे यानें, मलबारच्या वनस्पतींवरील आपला बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळांत प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीं रंगभट, विनायक पंडित व आपु भट ह्या तीन कोंकणी वैद्यांची १६७५ सालची साक्ष नागरी अक्षरांत छापलेली आहे. इट्टि अच्युतन ह्या मलयाळी वैद्याचीही साक्ष त्याच्या लिपींत आहे. सतराव्या शतकांतील डच ग्रंथकारास आपल्या साहाय्यकांचीं नांवें, त्यांची भाषा आणि त्यांचें अक्षर छापण्याची गरज वाटली. त्यानंतर सव्वादोनशें वर्षांनीं निघालेल्या आपल्या प्रांताच्या ग्रंथांत भिवाचें आडनांवही उरूं नये, हा फरक आम्हांस खटकतो. आणि आपल्या प्राचीनांचें मत काय होतें? चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत म्हटलें आहे कीं, शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि रानांत राहणारे लोक वनस्पतींस नामरूपांनीं ओळखतात. त्यांचा उपयोग जाणणारा तो वैद्य. म्हणजे नामरूपाच्या ज्ञानाचा पहिला धनी कोण, हें चरकानें निःसंकोच सांगितलें आहे.

(७)

हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा असता तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. १९५५ सालीं वनस्पति-सर्वेक्षण खात्याचें पश्चिम विभागाचें केंद्र पुण्यांत निघालें, आणि शेतकी कॉलेजाचा जुना संग्रह तेथें आला. तो संग्रह, आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आणि मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील ब्लॅटर यांच्या नांवाचा संग्रह, हे आपल्या प्रांताचे वनस्पतिविषयक दप्तरखानेच होत. आतां जगभर अशा तावांचीं छायाचित्रें व चिठ्ठ्यांचे उतारे संगणकावर चढविले जात आहेत. हें काम अत्यंत स्वागतार्ह आहे. पण त्यांत एक धोका आहे. उतारा करणाऱ्यास मराठी गांवांची ओळख नसेल तर दापोडीची दापोली एकदां होईल आणि सर्व जगाच्या नकाशावर तशीच राहील. कागदावरची चूक एका खोलींत राहते. संगणकावरची चूक क्षणांत सर्वत्र जाते, आणि पुढें तींवरून ही जाति पूर्वी समुद्रकांठीं होती व आतां नाहींशी झाली, असे सिद्धांतही निघतील. उलट, पुण्याभोवतालच्या ज्या माळांवर आज वसाहती उभ्या आहेत, तेथें पूर्वी काय उगवत होतें ह्याची कित्येक ठिकाणीं ही चिठ्ठी हीच एक साक्षीदार आहे. ती साक्ष नीट लिहून घेतली नाहीं तर पुन्हा विचारतां येणार नाहीं.

ह्यासाठीं चिठ्ठ्यांच्या संपादनाचे कांहीं नियम आम्ही सुचवितों. ते ह्या नियतकालिकाच्या वाचकांस अपरिचित वाटणार नाहींत. चिठ्ठीचा पाठ प्रथम जसाच्या तसा द्यावा, अशुद्ध वाटला तरी सुधारूं नये. रानांत लिहिलेली मूळ चिठ्ठी, संग्रहांत मागाहून केलेली नकल आणि छापील ठसा हे तीन प्रकार वेगळे दाखवावे. गांवाचें नांव देवनागरींत, तालुक्यासह द्यावें, आणि ही ओळख कशावरून केली तें सांगावें. ओळख निश्चित नसल्यास संशयचिन्ह घालावें. तारीख नसल्यास संग्राहकाच्या नोकरीच्या व मुक्कामाच्या नोंदींवरून तिची पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा ठरवावी. हस्ताक्षरांचे नमुने काढून कोणत्या चिठ्ठ्या एका हातच्या तें जुळवावें. आणि संग्राहकांची एक नामावलि करून तींत साहेबांबरोबर भिवा, कानिटकर व त्यांच्या सारख्यांची नोंद त्यांच्या संपूर्ण नांवागांवासह करावी. त्यासाठीं जुन्या कॉलेजांचीं व सरकारी बागांचीं पगारपत्रकें धुंडाळावीं. हें शेवटचें काम वनस्पतिशास्त्रज्ञांचें नव्हे, आपलें आहे. त्यांस फूल ओळखतां येतें; आपणांस दप्तर वाचतां येतें.

सबंध संग्रह एकदम हातीं घेणें कोणासही झेपणार नाहीं, आणि तशी जरूरही नाहीं. पुण्यांतील संग्रहांतले केवळ मोरवेलीच्या कुळाचे ताव घ्यावे, आणि त्यांतही आरंभीं भिवाच्या नांवाचे वेगळे काढावे. त्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमानें लावल्या, म्हणजे तो कोणत्या महिन्यांत कोणत्या घाटानें गेला, कोणत्या गडावर चढला, निळवंती त्यास कोठें फुललेली दिसली, ह्याची बखर आपोआप तयार होईल. कूक यांनीं त्याच्या नांवापुढें जें उद्गारचिन्ह घातलें, त्याचा अर्थ ‘हें आम्हीं पाहिलें’ असा आहे. तें ज्यानें प्रथम पाहिलें त्याची वाट शोधून काढण्याचें काम अद्याप बाकी आहे. त्यास कोणा तरुण अभ्यासकानें आरंभ करावा, एवढें सुचवून हें परीक्षण आम्ही येथें पुरें करतों.